पन्नास वॉटचं तोंड

दाबलं.

"बाबा, ऐकताय का? गाडीतून बोलतेय. नवा खोका लावलाय. आता तरी पोचतेय का? ओव्हर."

सोडलं.

खर्रर्रर्रर्र.

"मॅडम," स्टीअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून बसलेले दातांचे डॉक्टर म्हणाले, "वायपर आपोआप चालू झाले."

"तुमचा हात लागला असेल."

"माझे हात सकाळपासून हललेलेच नाहीत."

हे मात्र खरं होतं. डॉक्टरांचे हात स्टीअरिंगवर टेकले की तिथेच मूळ धरायचे. दुसऱ्यांच्या दाढा हसत हसत उपटणारा हा माणूस स्वतःच्या गाडीच्या इंजिनाला असा घाबरायचा, की शेजारून चालणारी माणसं त्याला मागे टाकून पुढे जायची आणि वर सहानुभूतीनं वळून बघायची.

आभाळ स्वच्छ होतं. कोरड्या काचेवर वायपर करकर करत एकदा गेले, एकदा आले आणि गप्प झाले.

गोष्ट पुढे नेण्याआधी एवढं सांगायला हवं, की हे यंत्र एका वेळी एकच काम करतं. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. बोलता बोलता ऐकणं त्याला जमत नाही. माणसांनाही कुठे जमतं म्हणा.

दाबलं.

तर, गाडी शिकवणाऱ्या या बाईंना सगळे ब्रेकवहिनी म्हणायचे. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक असतो, त्यावर त्यांचा पाय असायचा, आणि तो पाय इतक्या वर्षांत एकदाही चुकला नव्हता. तोंडाला मात्र ब्रेक नाही, असं त्यांच्या नवऱ्याचं म्हणणं. पण नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे त्याला सगळंच जरा मोठं दिसायचं.

रेडिओचं वेड सासऱ्यांचं. गाणी लागतात तो रेडिओ नव्हे. परीक्षा देऊन, परवाना काढून, निव्वळ हौसेपोटी माणसं एकमेकांशी बोलतात तो. सासरे लिफ्ट दुरुस्त करायचे. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू नव्हती. सासरे होते, रेडिओ होता, आणि रेडिओची धूळ पुसायची की नाही यावरून भांडणारी एक नणंद होती. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी सुनेच्या हातात तापलेली सोल्डरिंगची कांडी दिली आणि म्हणाले, "टोकाला धरू नकोस म्हणजे झालं." तिनं धरलं नाही. वर्षभरात परीक्षा देऊन परवानाही काढला.

मग रोजचा नेमच झाला. सकाळी पहिला शिकाऊ यायच्या आधी ती खाली गाडीत आणि सासरे वर गच्चीवरच्या खोलीत. मधे चार मजले. तिथून ती दोघं गप्पा मारायची.

"जेवायच्या टेबलावर समोरासमोर बसता तेव्हा बोलत नाही," नवरा म्हणायचा.

"तिथे काम असतं, जेवायचं," सासरे म्हणायचे. "फोनवर माणूस कामापुरतं बोलतो. काम नसताना बोलायचं तर रेडिओच हवा."

आणि मग गुडघे गेले. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेलेल्या माणसाच्या स्वतःच्या इमारतीत लिफ्ट नव्हती. सासरे टेकडीपलीकडे लेकीकडे राहायला गेले. लेकीचं घर तळमजल्यावर, नवंकोरं रंगवलेलं. लेक, म्हणजे वहिनीच्या वन्सं, पडदे शिवून विकायच्या. वन्संनी वडलांना कोपऱ्यातलं टेबल दिलं, प्रेमानं दिलं, पण भिंतीला अँटेनासाठी भोक पाडू दिलं नाही. त्यामुळे खिडकीच्या कट्ट्यावर हातात मावणारा पाच वॉटचा सेट, त्याला वीतभर अँटेना, आणि समोर अख्खी टेकडी. वहिनीच्या गाडीतही तसलाच पाच वॉटचा सेट. टेकडीला काय, तिनं दोघांचंही पोटात घातलं.

सासऱ्यांच्या परवान्याची मुदत या महिन्यात संपत होती. फोनवर वहिनीनं आठवण केली तेव्हा सासरे हसत म्हणाले, "भिंतीशी बोलायला परवाना कशाला? संपू दे. ही मागतेय तिला टेबल देऊन टाकतो, शिवणयंत्र छान बसेल."

हसत म्हणाले, तेच तिला बोचलं. सासरे चिडले असते तर तिला काळजी वाटली नसती. लिफ्ट कायमची मोडीत काढताना ते असेच हसायचे.

म्हणून खोका. काळा, जाड, पाठीवर अॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या. एका बाजूनं सेटचे पाच वॉट आत जाणार, दुसऱ्या बाजूनं पन्नास बाहेर पडणार. वहिनीनं पहिल्यांदा त्याची वायर गाडीतल्या सिगारेट लायटरच्या भोकात खोचली आणि पहिल्याच ओव्हरला फ्यूज उडवला. एवढ्या भुकेचं पोट असल्या भोकातून भरत नाही. मग जाड तांबडी-काळी वायर थेट बॅटरीपासून ओढली, बॅटरीजवळ मोठा फ्यूज घातला, वायर पायपुसण्याखालून नेली आणि खोका डॉक्टरांच्या सीटखाली बसवला. छपरावर "शिकाऊ चालक" पाटीशेजारी लोहचुंबकाची अँटेना चिकटवली. आधी अँटेना, मग आवाज. हा सासऱ्यांचा पहिला धडा. अँटेनेशिवाय बटण दाबलं तर ताकद जायला वाट नसते, ती खोक्यातच जळते.

सोडलं.

खर्रर्रर्र.

"काहीतरी गरम लागतंय," डॉक्टर म्हणाले.

"खोका आहे. बोलून तापतो."

"आमच्याकडे उलटं असतं. पेशंट बोलला की मी तापतो."

दाबलं. खोक्याच्या लाटेनं गाडीच्या वायरी चाळवल्या आणि वायपर गेले, आले.

"बाबा, सेट बंद ठेवलाय का? का वन्संनी आधीच टेबल पळवलं? त्या खोकाद्वेष्टीचा काही नेम नाही. पडद्यांसाठी ती तुम्हालासुद्धा हुकाला टांगेल. ओव्हर."

सोडलं.

खर्रर्र.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही ज्यांच्याशी बोलताय, ते आहेत ना?"

पुढे सायकलवाला आडवा येत होता. तिनं आपला ब्रेक दाबला.

शिकवणी संपवून ती घरी पोचते न पोचते तोच फोन वाजला. वन्सं.

"वहिनी, खोकाद्वेष्टी बोलतेय."

ब्रेकवहिनीच्या तोंडाला त्या दिवशी पहिल्यांदा ब्रेक लागला.

"घरभर ऐकू आलं हो. माझी दोन गिऱ्हाइकं बसली होती मापं द्यायला. त्यांनी विचारलं, हुकाला टांगलेले बाबा हेच का."

"ऐकू आलं? मग बाबांनी उत्तर का नाही दिलं?"

"का नाही दिलं? ओव्हर ओव्हर करून घसा बसलाय त्यांचा. तूच त्यांचं बोलणं तोडून पुढे सुरू करत होतीस. ते म्हणाले, अगदी समोर बसल्यासारखी वाटतेय. मी म्हटलं, हो, समोर बसूनही ही अशीच करते."

नवऱ्यानं हे सगळं शेजारी बसून ऐकलं आणि चष्मा पुसत म्हणाला, "म्हणजे पन्नास वॉटचं तोंड आणि पाच वॉटचे कान. एवढ्यासाठी खोका आणलास? लग्नात दिलं होतं की हे फुकट."

वहिनी स्वतःवरच चडफडली. खोका आवाज वाढवतो, कान वाढवत नाही, हे काय तिला माहीत नव्हतं? सासऱ्यांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण आपलं बोलणं पोचत नाही हे इतकं टोचतं, की समोरच्याचंही आपल्याला पोचत नाहीये हे माणूस विसरतोच.

"दुसरा खोका घे त्यांच्यासाठी," नवरा म्हणाला.

"दुकानात एकच होता. पुढचा दीड महिन्यानं येणार. परवाना तोवर थांबतोय होय."

दाबलं.

मग तिनं हा खोका उचलला. टेकडीला वळसा घालून वन्संच्या घरी नेला, एक जुनी गाडीची बॅटरी बरोबर नेली, टेबलाखाली मांडामांड केली. आणखी एक लोहचुंबकी अँटेना वन्संच्या लोखंडी पेटीवर बसवली. भिंतीला हात लावला नाही. वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या.

"हे कशाशी खातात ते मला कळत नाही," वन्सं म्हणाल्या. "पण माझ्याबद्दल काही बोलायचं असेल तर मला उत्तर द्यायची सोय हवी. एवढंच."

"बटण दाबा आणि बोला की."

"परवान्याशिवाय नाही हं," सासरे म्हणाले. एरवी लेकीपुढे एक शब्द न काढणारा माणूस या बाबतीत मात्र ऐकत नसे.

त्यांनी खोक्याच्या पट्ट्यांवर तळवा ठेवला, जुन्या ओळखीच्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. "चांगलाय. पण सूनबाई, आता माझं तोंड मोठं होईल. तुझं?"

"तुमचं तर ऐकू येऊ दे आधी."

सोडलं.

आणि आलं. पुन्हा टेकडीला वळसा घालून आपल्या गल्लीत गाडी लावली तर सेटमधून सासऱ्यांचा आवाज असा निघाला, जणू ते डिकीत बसलेत.

"सूनबाई, पोचलीस का? ओव्हर."

दाबलं. "पोचले बाबा. मस्त येताय. ओव्हर."

सोडलं.

"सूनबाई? पोचली असशील तर बोल. ओव्हर."

दाबलं. "बोलतेय. बाबा, बोलतेय मी."

सोडलं.

"काही ऐकू येत नाहीये. बरं, मीच बोलतो. इकडे हिनं निळा पडदा शिवलाय, त्यावर मासे आहेत. मला वाटलं मासे, ती म्हणते पानं. तुला काय वाटतं, ओव्हर."

खर्रर्र नाही, काही नाही. नुसती स्वच्छ, रिकामी शांतता. वहिनी सांगत होती, पानंच असणार, वन्संना मासे आवडत नाहीत. ते शब्द तिच्या गाडीच्या छपरावरून निघून टेकडीच्या पायथ्याशी कुठेतरी गवतात पडत होते.

"एकट्यानं बोलायचा कंटाळा येतो गं," शेवटी सासरे म्हणाले. आवाज अगदी हसरा. "रविवारी शेवटचं बसतो. मग देऊ टेबल हिला. ओव्हर."

दाबलं. "नका बाबा. टेबल देऊ नका."

सोडलं.

दाबलं.

सोडलं.

रविवारी सकाळी डॉक्टर आले. दुसऱ्या दिवशी त्यांची परीक्षा होती. वहिनीचं लक्ष नव्हतं. एरवी ती चुकीच्या गिअरला जीभ चावायची, आज डॉक्टरांनी तिसऱ्यावर गाडी सुरू करायचा प्रयत्न केला तरी ती खिडकीबाहेर बघत होती.

"वायपर का हलत नाहीत आज?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना सवय झाली होती. "तुम्ही बोलत नाही आहात का?"

तिनं सगळं सांगितलं. तोंड, कान, टेकडी, टेबल, रविवार.

डॉक्टरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. म्हणजे ती कडेला बंद पडली आणि त्यांनी ते मान्य केलं. मग म्हणाले, "मला यातलं कळत नाही. पण पेशंटची दाढ मला दिसत नसेल ना, तर मी त्याला म्हणत नाही, की तोंड आणखी मोठं करा. किती करणार बिचारा. मी खुर्ची वर घेतो."

वहिनीनं झटकन वळून टेकडीच्या माथ्याकडे बघितलं.

"काय झालं?"

"डॉक्टर, उद्या परीक्षेत चढ आहे."

"माहितीये. मी उद्या आजारी पडणार आहे."

"टेकडीवरची खिंड. आत्ता."

"मॅडम, मी दाढेबद्दल बोलत होतो."

"खुर्ची वर घ्या. पहिला गिअर."

खिंडीचा रस्ता म्हणजे तीन वळणं आणि एक उभा चढ. डॉक्टर सगळी वळणं पहिल्याच गिअरमध्ये गेले. इंजिन किंचाळत होतं, डॉक्टर गप्प होते, आणि सेट वहिनीच्या मांडीवर होता. पाच वॉटचा, बिनखोक्याचा, वायर थेट छपरावरच्या अँटेनेला. पहिल्या वळणावर सासऱ्यांचा आवाज येत होता, पण तो तर घरीही येत होता. प्रश्न हिच्या आवाजाचा होता.

दाबलं. "बाबा?"

सोडलं.

"...कोणी असेल तर बोला. ओव्हर."

दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. उभ्या चढावर, अगदी माथ्याच्या थोडं अलीकडे, डॉक्टरांनी क्लच सोडला आणि गाडी हबकून बंद पडली. आणि मागे जाऊ लागली. मागून एका टेम्पोनं हॉर्न दिला, लांब, कंटाळलेला.

"सूनबाई," सेट म्हणाला, "आता बंद करतो. हिचं शिवणयंत्र दारात येऊन उभं आहे."

वहिनीचा पाय ब्रेकवर. एक हात हँडब्रेकवर. डॉक्टर म्हणत होते, "मॅडम, आपण जातोय. मागे जातोय." टेम्पो हॉर्न देत होता. दुसरा हात सेटवर.

दाबलं.

"बाबा, थांबा. बंद करू नका. गाडी मागे जातेय, ती थांबवते, मग बोलते. ओव्हर."

सोडलं.

गाडी थांबली. टेम्पो शिव्या देत बाजूनं निघून गेला. सेटमधून काही आलं नाही. मग आलं:

"गाडी मागे का जातेय?"

वहिनीला हसू फुटलं. डॉक्टर घाबरून तिच्याकडे बघू लागले.

"मॅडम, वायपर हलले नाहीत. तुम्ही खरंच बोललात का?"

"बोलले. आणि पोचलं."

"सूनबाई, कुठून बोलतेस तू? ओव्हर."

दाबलं. "खिंडीतून. पाच वॉटवर. इथून दोन्हीकडचं दिसतं बाबा, फक्त तुमची खिडकी ओळखू येत नाही. ओव्हर."

सोडलं. सेटमध्ये टक् असं वाजलं, आणि आवाज आला, आधीपेक्षा जरा बारीक, पण अक्षर न् अक्षर नीट:

"खोका बंद केलाय मी आता. येतोय का? ओव्हर."

दाबलं. "येताय. ओव्हर."

सोडलं.

"मग हा पन्नास वॉटचा राक्षस मी पोसतोय कशाला? मी शिकवलं होतं की नाही, लांब पोचायचं तर आधी उंची, मग अँटेना, ताकद सगळ्यात शेवटी?"

दाबलं. "शिकवलं होतं. बटण तेव्हा मी सोडलं नव्हतं. बाबा, परवान्याचं काय? रोज सकाळी पहिली शिकवणी खिंडीत घेते. सगळ्यांना चढ शिकायचाच असतो. ओव्हर."

सोडलं.

पलीकडे कुजबुज झाली. दूरवर कोणीतरी ताडताड बोलत होतं. वन्सं.

"ही म्हणतेय," सासरे म्हणाले, "की परवान्याचा एक अर्ज पुरायचा नाही. दोन भरा म्हणते. तिला परीक्षा द्यायचीय. तुला उत्तर द्यायचंय म्हणे, जुनं बरंच साठलंय. टेबल राहू दे म्हणते. यंत्र खिडकीपाशी ठेवतेय. आणि तिला खोका पाहिजे, चालू. ओव्हर."

दाबलं. "त्यांना खोक्याची काय गरज? ओव्हर."

सोडलं.

"हेच मीही म्हटलं. तर म्हणाली, वहिनी बोलत असताना मधे बोलायचं तर पाचानं काय होणार."

टेकडीच्या दोन्ही बाजूंना एकदम हशा झाला. रेडिओवर तो कोणालाच ऐकू आला नाही, कारण दोघांचीही बटणं सुटलेली होती.

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, तुमचं छान झालं. पण आपण अजून चढावर आहोत."

दाबलं. "बाबा, गाडीत दातांचे डॉक्टर आहेत. चढावर अडकलेत. उद्या परीक्षा. काही सांगता? ओव्हर."

सोडलं.

लिफ्टवाल्या माणसाला असा प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नसेल. आवाज एकदम दहा वर्षांनी तरणा झाला.

"डॉक्टर, ऐका. घाई नाही. लिफ्ट निघताना दोर आधी ताणतो, मग पेटी हलते. तसंच. ब्रेक राहू दे. क्लच हळूहळू वर आणा. इंजिनाचा सूर जड होईल, गाडीचं नाक किंचित उचलेल. म्हणजे दोर ताणला. तिथे पाय थांबवा. मग ब्रेक सोडा आणि लगेच थोडा अॅक्सिलरेटर. तिच्या ब्रेककडे बघू नका, तो नाहीच असं समजा. ओव्हर."

डॉक्टरांनी किल्ली फिरवून इंजिन सुरू केलं आणि ब्रेक दाबून धरला. वहिनीनं आपला पाय ब्रेकवरून उचलला आणि डॉक्टरांना दिसेल असा बाजूला ठेवला. हँडब्रेकही खाली केला.

क्लच वर आला. सूर जड झाला. गाडीचं नाक उचललं.

"आता सोडू का, मॅडम?"

"सोडा."

सोडलं.

गाडी मागे गेली नाही.